गरिबाचा वाटा

१५ नोव्हेंबर, गुरुवार

ते पुस्तक आज कपाटात टाकलं ते टाकलंच! पुन्हा काढायचं नाही. इतके धडे झाले तरी त्यातला नवरा आणि बायको अजून स्टेशनवर तिकीटच काढताहेत. त्यांना कधी पडसं होत नाही, त्यांचं दूध उतू जात नाही, शेजाऱ्याशी त्यांचं भांडण नाही. असल्या माणसांकडून फ्रेंच शिकून परदेशातून आलेल्या या बायका बोलणार कुणाशी?

वाचनालयामागच्या खोलीतला हीटर आज पुन्हा बंद. सगळ्या कोट घालून बसलेल्या. म्हटलं, वह्या मिटा, गोष्ट सांगते. आमच्या बेकरीत रोज यायचा त्या म्हाताऱ्याची सांगितली. फिका पाव दिला की म्हणायचा, 'हा कच्चा आहे.' खरपूस दिला की, 'माझे उरलेले दात पाडायचेत का?' शेवटी एक दिवस माझा नवरा जोब पिठाचे हात घेऊन भट्टीवरून बाहेर आला आणि म्हणाला, 'आजोबा, या आत. तुम्हीच भाजा.' दुसऱ्या दिवशी म्हातारा एप्रन बांधून दारात हजर!

बायका हसल्या. खरपूस, फिका, पीठ, भट्टी, दात — सगळे शब्द न लिहिता डोक्यात गेले. जोब गेल्यापासून माझ्या बोलण्यावर कुणी असं हसलं नव्हतं. नवऱ्याची गोष्ट सांगताना रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं.

मंगोलियाची ओयुना सगळ्यांत मोठ्यांदा हसली. सार्डिनच्या कारखान्यात डबे भरते. हाताला मासळीचा वास येतो, तो लपवत बसत नाही. मला आवडली बाई.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

नियम केला. गोष्ट इथे ऐकायची आणि आठवड्याभरात बाहेर कुणाला तरी सांगायची. आरशाला सांगितलेली चालणार नाही!

ओयुनाने पाववाल्या म्हाताऱ्याची गोष्ट बसच्या ड्रायव्हरला सांगितली. सिग्नल हिरवा झाला तरी तो ऐकत थांबला, मागच्यांनी भोंगे वाजवले. आणि हे सगळं तिने फ्रेंचमध्ये सांगितलं. मोडकंतोडकं, पण कळलं. शिक्षिका म्हणून अंगावर मूठभर मांस चढलं.

संध्याकाळी रेमोंचा फोन. हा माझा दीर. आधी गोल चौकात रस्ता अडवून बसलेल्या पिवळ्या जाकीटवाल्या निदर्शकांना शिव्या, मग मला. 'म्हातारपणी परक्यांना शिकवत बसलीस. एक दिवस घरात घुसतील, मग कळेल.' मी हं हं केलं. मी नेहमीच हं हं करते.

जोबला पुरून आलो त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर यानेच बेकरी विकायची काढली. अर्धी त्याच्या नावावर होती ना. गुल्वेनला ती चालवायची होती. पोरगा काकाशी भांडता भांडता सारखा माझ्याकडे बघत होता, आई काहीतरी बोलेल म्हणून. मी म्हटलं, 'कॉफी गार होतेय.' तो कोट उचलून निघाला तो गेलाच. चार वर्षं झाली. फोनचा नंबरही बदललाय त्याने.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

पाऊस, वारा, हीटर बंद. मासळीबाजारात खेकडा पिशवीतून पळाला ती गोष्ट. झकास झाली.

१३ डिसेंबर, गुरुवार

दुकानांत आत्ताच 'गालेत' मांडल्यात, राजांच्या सणाचे केक. नाताळ तर होऊ द्या! पण बायकांनी विचारलं, हे पापुद्र्याचं गोल गोल काय, वर कागदी मुकुट कशाला? मग आजची गोष्ट तीच.

सांगितलं — जानेवारीतल्या पहिल्या रविवारी गालेत कापतात. आत बदामाचं सारण, आणि सारणात चिनी मातीची एक इवलीशी वस्तू. आमच्याकडे ती होडी असायची. ज्याच्या तुकड्यात होडी तो राजा, मुकुट त्याला. लबाडी नको म्हणून घरातलं सगळ्यांत धाकटं पोर टेबलाखाली बसतं. वर एकाने तुकड्यावर सुरी ठेवायची आणि विचारायचं, 'हा कुणाला?' खालून पोर नाव सांगतं.

आमच्या टेबलाखाली गुल्वेन. आणि माणसं असतील त्याहून एक तुकडा जास्त कापायचा. तो गरिबाचा वाटा. दारावर कुणी आलंच तर त्याला. जोब विचारायचा, 'हा कुणाला?' आणि खालून दर वर्षी पहिला पुकारा, 'गरिबाला!' पोराला वाटायचं, बिचाऱ्याला शेवटी उरलेला कशाला द्या? एका वर्षी सगळ्यांचं खाऊन झालं, होडी कुणालाच मिळाली नाही. होडी गरिबाच्या वाट्यात! गुल्वेन मुकुट हातात घेऊन संध्याकाळपर्यंत दाराशी बसला. राजा येणार म्हणून.

ओयुनाने विचारलं, 'मग आला?'

'नाही गं.'

'कधीच कुणी आलं नाही?'

'नाही.'

'पण तुम्ही ठेवता.'

'ठेवतो. अजून ठेवते.'

'आणि खरंच कुणी आलं तर?'

'आलं तर द्यायचा! त्याच्यासाठीच तर असतो.'

ती म्हणाली, त्यांच्याकडे दारावर आलेल्याला नाव-गाव विचारायच्या आधी चहा देतात, दूध आणि मीठ घातलेला. मी म्हटलं, बघ, म्हणजे माणसं सगळीकडे सारखीच. काय पण वाक्य टाकलं मी! उचलली जीभ लावली टाळ्याला.

घरी येऊन होडी शोधली. बटणांच्या डब्यात होती. शिडाचा टवका उडालाय.

२० डिसेंबर, गुरुवार

ओयुनाने गालेतची गोष्ट कारखान्यात सांगितली. जेवणाच्या सुट्टीत, शेजारच्या पट्ट्यावर काम करणाऱ्या एका माणसाला. म्हणाली, 'त्याने ऐकली. मग म्हणाला, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितली.'

'बघ! सराव असा होतो,' मी म्हटलं.

'त्याने विचारलं, कुणी शिकवली? मी तुमचं नाव सांगितलं.'

मला तर गुदगुल्याच झाल्या. गावभर कीर्ती! मग तिने वर्गात तीच गोष्ट म्हणून दाखवली. छान म्हटली, क्रियापदं थोडी इकडेतिकडे. शेवटी म्हणाली, 'आणि टेबलाखाली गुल्वेनच्या मांडीवर कुत्रा.'

कुत्रा होता खरा. पण मी सांगितला होता का? ती म्हणाली, 'सांगितला ना, मादाम?' आणि वहीत बघायला लागली. सांगितला असेल. हल्ली दुपारी काय खाल्लं ते आठवत नाही, तिथे कुत्रा कुठला आठवायला!

२५ डिसेंबर

एकटीने शिंपले उघडले. सुरी निसटली, बोट कापलं. रेमोंकडे बोलावलं होतं, सर्दीचं निमित्त सांगितलं.

३ जानेवारी, गुरुवार

सगळ्यांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा कशा द्यायच्या ते शिकवलं. चारच जणी आल्या होत्या.

सुटताना ओयुना मागे राहिली. तिला एक वाक्य हवं होतं. एखादा माणूस खाली रस्त्यावर थांबलाय आणि आपण वर सांगायला आलोय — ते कसं म्हणायचं? मी सांगितलं, 'खाली कुणीतरी वाट बघतंय.' तिने ओठ हलवत दहादा घोकलं. मग विचारलं, वर यायला संकोच वाटतो, ते कसं? तेही सांगितलं.

मला वाटलं, मुलीबद्दल असणार. तिची नऊ-दहा वर्षांची पोर आहे, एकदा वर्गाबाहेर दिसली होती. दाराआड उभी राहून माझ्याकडे बघत होती, आत ये म्हटलं तर पळाली. म्हटलं, 'लाजू नको म्हणावं तिला. मी काही खात नाही.'

ओयुनाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण शब्द सापडला नाही वाटतं. माझी बस आली होती. मी निघाले.

६ जानेवारी, रविवार

लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

रेमों आणि जाऊबाई ओदिल दुपारी आले. कोंबडी चांगली झाली होती. सफरचंदाची सायडर रेमोंनेच आणलेली, कितीला मिळाली हे तीनदा सांगून झालं. मग मी गालेत आणली. घरी केलेली. रेमों म्हणाला, 'ओदिल, तूच सगळ्यांत धाकटी, जा टेबलाखाली!' ती म्हणाली, 'गेले तर मला बाहेर काढायला क्रेन बोलवावी लागेल.' भिंतीकडे तोंड करून बसली बापडी. मी चार तुकडे केले. गरिबाचा वाटा बशीत काढून, रुमाल टाकून कपाटावर ठेवला.

आणि बेल वाजली.

दाराची साखळी न काढताच उघडलं. ओयुना! केस नीट विंचरलेले, गळ्यात निळा रुमाल, जिना चढून दम लागलेला. चेहरा नुसता फुललेला.

आतून रेमों ओरडला, 'कोण आहे? रविवारी जेवणाच्या वेळेला कोण कडमडलं?' ओदिल म्हणाली, 'त्या शिकवणीतलं कुणी असेल, बघ.' आणि दोघं हसली.

मला लाज वाटली. कुणाची? ओयुनाची! हे लिहिताना आता स्वतःची वाटतेय, पण तेव्हा तिची वाटली.

'बोंजूर, मादाम. खाली —'

'ओयुना, आम्ही जेवायला बसलोय गं.'

'हो. पण खाली —'

'गुरुवारी सांग हं. गुरुवारी!' मी हसून म्हटलं. अगदी गोड हसून दार लावून घेतलं.

ती लगेच गेली नाही. दारापलीकडे उभी होती, मला कळत होतं. मग पावलं वाजली, जिना उतरली.

'कोण होतं?' रेमोंने विचारलं.

'कुणी नाही,' मी म्हटलं.

पुढे गालेत खाल्ली. होडी कुणाच्याच तुकड्यात निघाली नाही. रेमोंला हसू आवरेना — 'म्हणजे राजा बाहेरच राहिला!' तेव्हा माझं लक्ष कपाटाकडे गेलं. बशी, रुमाल. दारापासून हाताच्या अंतरावर. साखळी काढायचीसुद्धा गरज नव्हती. बशी फटीतून गेली असती.

७ जानेवारी, सोमवार

तिने खरं मानलं. मी सांगितलं, आणि तिने खरं मानलं. आलं तर द्यायचा, त्याच्यासाठीच तर असतो — माझेच शब्द. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी आलं, त्याला मी म्हटलं, गुरुवारी ये. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!

सारखं 'खाली, खाली' म्हणत होती. म्हणजे पोरीला खाली उभी केली होती. त्या वाऱ्यात! त्यासाठीच ते वाक्य घोकून घेतलं माझ्याकडून. पोरीला गालेत दाखवायला घेऊन आली असणार, मादामकडे तुकडा ठेवलेला असतो म्हणून. देवा.

कपाटावरच्या त्या तुकड्याकडे बघवेना. खाली अंगणात नेऊन कुस्करला आणि शेजारणीच्या कोंबड्यांना घातला. कुस्करताना बोटाला होडी लागली. धुऊन पुन्हा बटणांच्या डब्यात टाकली.

१० जानेवारी, गुरुवार

ओयुना आली नाही.

तिच्यासाठी रुमालात बांधून गालेतचा मोठा तुकडा नेला होता, मुलीसाठी दुसरा. दोन्ही तसेच परत. बाकीच्यांना दवाखान्याची गोष्ट सांगितली, पण माझं मलाच कळत नव्हतं मी काय बोलतेय. ताप शिकवायच्या ऐवजी पडसंच दोनदा शिकवलं.

१७ जानेवारी, गुरुवार

आजही नाही.

वर्ग संपल्यावर कारखान्याच्या फाटकापर्यंत गेले. समुद्राचा वारा असा, की टोपी हातात धरून चालावं लागलं. पहारेकऱ्याला विचारलं. म्हणाला, तिची पाळी बदलली, आता कधी असते ते मला ठाऊक नाही. अख्खी गालेत त्याच्याकडे ठेवून आले, तिला दे म्हणून. 'देतो की, मादाम!' म्हणाला. त्याच्या डोळ्यांत गालेत दिसत होती. उद्या त्याच्या मिशांना चुरा लागलेला असेल.

पाळी बदलली म्हणून येत नाही, असं मनाला समजावते. मन काही दुधखुळं नाही.

२० जानेवारी, रविवार

जेवायच्या वेळी रेमोंचा फोन. 'काय गं, तुझी ती दारावर आलेली पाहुणी पुन्हा आली का? काय मागायला आली होती?'

मी म्हटलं, 'रेमों, मी जेवायला बसलेय.' आणि फोन ठेवला.

बसले नव्हते. टेबलावर काही नव्हतंच. पण बरं वाटलं! चार वर्षांपूर्वी एवढं जरी जमलं असतं.

२४ जानेवारी, गुरुवार

आजची गोष्ट — एका बाईने दार लावलं.

सगळी सांगितली. साखळी, फट, उंबरठा, बशी, रुमाल. नाव माझंच घेतलं, पुस्तकातल्यासारखी कुणी मादाम पुढे केली नाही. कुणी हसलं नाही. शब्द मात्र सगळ्यांनी लिहून घेतले.

खिडकीशी बसणारी सोमाली बाई, वर्षभरात जिने माझ्यासमोर चार वाक्यं धड म्हटली नाहीत, ती म्हणाली, 'मादाम, गोष्ट अर्धी आहे. तुम्ही तिच्याकडे गेलाच नाहीत.'

मी म्हटलं, 'घर माहीत नाही.'

'मला माहीत आहे.' आणि फळ्याशी येऊन तिने बंदराच्या वरच्या वसाहतीचा नकाशा काढला. झाड, पायऱ्या, लाल दार. एकही चूक सुधारायला जागा ठेवली नाही.

३१ जानेवारी, गुरुवार

दुपारी गेले होते. झाड सापडलं, पायऱ्या सापडल्या. वर खिडकीत दिवा होता, भांड्यांचा आवाज येत होता. खालीच उभी राहिले. म्हटलं, जेवायला बसले असतील, उगाच कशाला.

परत आले. माझ्या वयाच्या बाईने एवढं भ्यावं! आणि कुणाला, तर जिला मी 'बोंजूर' म्हणायला शिकवलं तिला. मग मुलगी त्या रविवारी खाली उभी होती ते आठवलं आणि रस्त्यातच रडू आलं. एका माणसाने विचारलं, काही हवंय का. मी म्हटलं, वारा आहे.

परवा कँडलमास, मेणबत्त्यांचा सण. घरोघरी पॅनकेक. पुन्हा जाईन, आणि या वेळी बेल वाजवीन.

२ फेब्रुवारी, शनिवार

बेल वाजवली. ओयुनाने दार उघडलं ते सताड. एक शब्द न विचारता चहा दिला, मीठ घातलेला. मी माफी मागायला लागले तर तिनेच थांबवलं. म्हणाली, 'मादाम, मी तुकड्यासाठी आले नव्हते. मुलगी घरीच होती.'

मग माझ्याकडून शिकलेलं वाक्य म्हणाली. सावकाश, पूर्ण, एकही चूक न करता. 'खाली तुमचा गुल्वेन वाट बघतोय.'

कारखान्यात शेजारच्या पट्ट्यावर काम करणारा तोच. हिनेच त्याला चल म्हणून आणला होता. अंगणात काकाची गाडी दिसली म्हणून वर आला नाही. ही खाली गेल्यावर विचारलं, काय म्हणाली? हिने सांगितलं, जेवायला बसल्यात. तो हसला म्हणे. म्हणाला, 'बरोबर आहे. आमच्याकडे जेवताना दार उघडत नाहीत.' त्याच आठवड्यात त्याचं काम संपलं. कुठे गेला, तिला माहीत नाही. ते मला सांगायचा धीर होईना म्हणून ती वर्गाला आली नाही.

आणि त्याचा वाटा मी कोंबड्यांना घातला.